तेरा आठवड्यांचं कुलूप

रत्नप्रभाबाईंनी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढली होती, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांना हार मानायला लावणारा कागद जन्माला आला नव्हता. वाळवीनं अर्धा खाल्लेला फेरफार त्यांनी जुळवून लावला होता. कोतवाल बुकातली पुसट झालेली नावं खिडकीच्या उजेडात धरून वाचली होती. आणि आता निवृत्त होऊन चार वर्षं झाल्यावर, दारव्ह्यातल्या स्वतःच्या घरात, पंख्याखाली बसून, तळहाताएवढ्या मोबाइलनं त्यांच्या नाकीनऊ आणले होते. वैताग आला होता त्यांना, आणि तो लपवण्याचा त्यांचा स्वभावही नव्हता.

सगळं सुरू झालं साकेतमुळे. साकेत त्यांचा भाचा, पुण्यात संगणकाच्या कंपनीत. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आला तेव्हा त्यानं आत्याच्या फोनवर लीफोरा नावाचं काहीतरी टाकून दिलं. फेसबुकसारखंच, पण इथं लिहिलेलं लोकांना आवडलं की नाणी मिळतात, असं तो म्हणाला. खरी नाणी नव्हेत, संगणकातली. त्याला टोकन म्हणतात. आत्यानं विचारलं की हे टोकन देतं कोण. साकेत म्हणाला की कोणी देत नाही, ते तयार होतं. इथंच रत्नप्रभाबाईंचं डोकं पहिल्यांदा फिरलं. सहीशिवाय तयार होणारी वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

पण लिहायला त्यांच्याजवळ होतं. बोरी अरबजवळच्या तांड्यावरच्या बिजलीबाई अठरा वर्षांपूर्वी रेकॉर्ड रूममध्ये आल्या होत्या. त्यांच्या भावाच्या, खेमसिंगच्या, नातवाला जातीचा दाखला हवा होता आणि त्यासाठी जुना पुरावा. कचेरीत त्यांना तीनदा परत पाठवलं होतं. रत्नप्रभाबाईंनी पाच दिवस बस्ते उपसले आणि खेमसिंगच्या जन्माची नोंद काढून दिली. तेव्हापासून बिजलीबाई बाजाराला आल्या की या घरी चहा घेतल्याशिवाय परत जात नसत. चहा पिता पिता कधी गात. बंजाऱ्यांची नवरी तांडा सोडताना ढावलो गाते, रडत रडत, एकेका माणसाचं नाव घेऊन. आईला गाऱ्हाणं, बापाला गाऱ्हाणं, भावाला गाऱ्हाणं. लग्नाआधी कित्येक दिवस म्हाताऱ्या बाया तिला ते शिकवतात. चाल सगळ्यांची एक, पण नावं ज्या नवरीची त्या नवरीची. बिजलीबाईंना त्यांचा ढावलो सुखीबाईनं शिकवला होता. ती सुखीबाई आता नव्वदीला टेकलेली, तांड्यावर खाटेवर असते.

रत्नप्रभाबाईंनी ती गाणी फोनवर धरली, बंजाऱ्यांच्या गोरबोलीचे शब्द बिजलीबाईंना विचारून विचारून देवनागरीत उतरवले, खाली मराठी अर्थ दिला आणि कचेरीतल्या मसुद्यासारख्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. खाली दर वेळी न चुकता: गाणार बिजलीबाई राठोड, शिकवणार सुखीबाई. दोन वर्षांत चाळीस गाणी झाली. कुठल्या कुठल्या देशांतले लोक ऐकायला लागले. मिळकत अर्धी बिजलीबाईंची, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

मिळत काय होतं, हे मात्र कोणाच्या बापाला कळत नव्हतं. टोकन एक असतं तर गोष्ट वेगळी. ती तीन निघाली. लीफ, लीफ डॉलर आणि लीफ पॉवर. साकेतनं फोनवर तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा मध्येच त्याची मीटिंग लागली. रत्नप्रभाबाईंनी शेवटी पुठ्ठ्यावर तक्ता केला. लीफ सुटं असतं, विकता येतं, कोणाला पाठवता येतं. लीफ डॉलर एका डॉलरच्या आगेमागे राहतो, तोही विकता येतो. लीफ पॉवर म्हणजे कुलपात घातलेलं लीफ. ते विकता येत नाही, देता येत नाही. सुटं लीफ कुलपात घालायचं तर एका क्षणात जातं. पण कुलपातून काढायचं तर तेरा आठवडे, दर आठवड्याला तेरावा हिस्सा. आत घालायला दार सताड उघडं आणि बाहेर पडायला तेरा आठवडे. हा कुठला न्याय?

"मग ते कुलपातलं घेऊन करायचं काय?" त्यांनी विचारलं होतं.

"त्यानं तुझ्या मताला जोर येतो आत्या. कोणाचं लिहिलेलं वर जाईल, कोणाचं खाली, ते," साकेत म्हणाला, आणि त्याची मीटिंग लागली.

रत्नप्रभाबाईंना कोणाला वर-खाली करायचं नव्हतं. त्यांनी आपल्या पद्धतीनं विचार केला. रेकॉर्ड रूममध्ये कागदाचे चार वर्ग असतात. अ वर्ग कायम जपायचा. ब तीस वर्षं. क त्याहून कमी. आणि ड वर्ग, ज्याला कोणी विचारत नाही, ज्यानं नुसती फळी अडते, तो मुदत संपली की नष्ट करायचा. त्यांनी पुठ्ठ्यावर तिन्ही टोकनांपुढे वर्ग लिहिले. मिळकतीतून आपोआप कुलपात गेलेलं लीफ पॉवर दोन वर्षं नुसतं पडून होतं. विकलं जात नव्हतं, बिजलीबाईंच्या हातात पडत नव्हतं. त्यापुढे त्यांनी लाल पेनानं ड लिहिला. डिसेंबरात कुलूप काढायचं बटण दाबलं. दर रविवारी एक हिस्सा सुटा होऊन येऊ लागला, आणि दर रविवारी त्या पुठ्ठ्यावर बरोबरची खूण करत. फळी मोकळी झाल्याचं समाधान त्यांना मिळत होतं. साकेतला त्यांनी कळवलंही नाही. तेरावा हिस्सा आला की सगळं एकदम विकून दे, एवढंच सांगायचं ठरवलं होतं. हिशोबानं अठरा हजार रुपये होत होते, म्हणजे बिजलीबाईंचे नऊ.

बिजलीबाईंनी त्या नऊ हजारांचं काय करायचं ते ठरवून टाकलं होतं. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला जायचं, सुखीबाईला घेऊन. म्हातारीला बसमध्ये बसवत नाही, तेव्हा जीप करायची, मागच्या सीटवर गादी टाकून तिला निजवून न्यायचं. सुखीबाईला सांगूनही झालं होतं. ती रोज विचारायची की जीप कधी.

बारा हिस्से आले. तेरावा येत्या रविवारी यायचा होता, आणि बुधवारी सकाळी हा प्रकार झाला.

झालं असं की लीफोरावर सगळ्यात वर एक गाणं आलं होतं. टाकणारा कोणी देशीमूळ नावाचा इसम, खरं नाव कुठंच नाही. खाली मोठा लेख: आपण वैराण माळरानावर भटकताना हे लुप्त होत चाललेलं गाणं आपल्याला सापडलं, गाणारी अनामिक. मागं बासरी लावली होती. रत्नप्रभाबाईंनी ऐकायला लावलं आणि दुसऱ्या ओळीनंतर बकरी ओरडली. ती बकरी त्यांच्या ओळखीची होती. तांड्यावर रेकॉर्डिंग करताना ती मध्येच ओरडली होती, आणि बिजलीबाई गाता गाता तिला हातानं हाकलत होत्या. बिजलीबाईंचा खोकला या शहाण्यानं कापून टाकला होता. बकरी तेवढी राहिली.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरा कहर पुढं होता. त्या इसमानं गाण्याचा अर्थही दिला होता. बिजलीबाईंच्या ढावलोत ओळ होती की खेमसिंग वीरा, आता तू कोणाच्या ताटात जेवशील. वीरा म्हणजे भाऊ. या महाभागानं लिहिलं होतं, हे सिंहासारख्या शूर पुरुषा, आता तू कोणाबरोबर भोजन करशील. हाडामांसाच्या माणसाचं नाव, ज्याची नोंद रत्नप्रभाबाईंनी पाच दिवस धूळ खाऊन शोधली, ते नाव यानं पुसून त्या जागी सिंह बसवला होता. गाण्याला दोनशे चौदा डॉलर लागले होते. वर लिहिलं होतं, रक्कम शनिवारी दुपारी तीन चाळीसला पक्की होईल.

त्यांनी साकेतला फोन लावला. सहाव्या वेळी त्यानं उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की सात दिवसांच्या आत लोकांनी विरोधी मत दिलं तर त्याची रक्कम कमी होते, लेख खाली जातो, पुरावा असेल तर बाकीचेही येतात. एकदा सात दिवस झाले की कोणी काही करू शकत नाही.

"पुरावा आहे की माझ्याजवळ," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "आपलं गाणं सोळा महिन्यांपूर्वीचं आहे. तारीख आहे. आणि खेमसिंगच्या जन्माची नक्कल आहे, शिक्क्यासकट."

"नक्कल जोडून कमेंट कर. आणि विरोधी मत दे. तुझी पॉवर चांगली आहे आत्या, दोन वर्षांची आहे. तुझी कमेंट वरच दिसेल."

रत्नप्रभाबाईंनी पुठ्ठा समोर धरून सांगितलं की पॉवर आता फारशी राहिली नाही. तेरातले बारा हिस्से काढले.

साकेतनं हळू आवाजात विचारलं की का काढले. त्याचं हळू बोलणं त्यांना जास्त झोंबलं. त्या ओरडल्या की तू धड सांगितलं असतंस तर काढले नसते, तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा तुझी मीटिंग, माणसानं जायचं कोणाकडे. साकेतनं ऐकून घेतलं. चूक त्याचीही होती, आणि त्याला ती कळत होती. तो म्हणाला की सुटं लीफ अजून विकलेलं नाही ना, मग परत कुलपात घाल, एका मिनिटात जाईल, मात्र दोन वर्षांच्या जुन्या पॉवरचा जोर लगेच परत येत नाही, नव्यानं घातलेल्याला तो हळूहळू चढतो, आणि मग पुन्हा तेरा आठवडे ते निघणार नाही.

फोन ठेवून त्यांनी आधी स्वतःचा अर्धा वाटा कुलपात घातला. त्यासाठी कोणाला विचारायचं नव्हतं. मग कमेंट लिहिली. विषय, संदर्भ, मुद्दे एक ते चार, सोबत जोडपत्र अ आणि ब. सोळा महिन्यांपूर्वीच्या गाण्याचा दुवा, नकलेचा फोटो, बकरीचा उल्लेख मुद्दा तीनमध्ये. कचेरीत असा अर्ज आला असता तर तहसीलदारानं उभं राहून घेतला असता. कमेंट गेली आणि तळाशी जाऊन बसली. वर शंभरेक जणांनी लिहिलेलं, वा वा, हृदयस्पर्शी, बासरी अप्रतिम. प्रत्येकाच्या नावापुढं त्याच्या पॉवरचा आकडा, आणि ज्याचा आकडा मोठा तो वर. त्यांची जागा ऐंशीच्या पुढं होती. तासाभरानं पाहिलं तर कोणी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

शिक्का आहे, तारीख आहे, जिवंत साक्षीदार आहे, तरीही कोणी वाचत नाही! त्यांना कपाट उघडून सगळे कागद रस्त्यावर फेकावेसे वाटले. जेवण केलं नाही. दुपारी पुठ्ठा काढला आणि लाल ड कडे बघत बसल्या. ज्याला फळी अडवणारी रद्दी समजून त्यांनी विल्हेवाटीला काढलं, बिजलीबाईंच्या बाजूनं बोलू शकणारं तेवढंच एक होतं. स्वतःच्या हातानं, दर रविवारी खूण करून करून, त्यांनी ते काढून टाकलं होतं. आणि केलं कशासाठी, तर बिजलीबाईंना त्यांचा वाटा मिळावा म्हणून. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग जास्त होता.

गुरुवारी सकाळी त्या बोरीच्या जीपमध्ये बसल्या. अकरा माणसं आणि एक खताची गोणी. बोरीपासून ऑटोनं तांडा. बिजलीबाईंचा वाटा अजून फोनमध्ये सुटा पडून होता, आणि त्याला त्यांना न विचारता हात लावणं रत्नप्रभाबाईंच्या रक्तात नव्हतं.

बिजलीबाई सुखीबाईच्या खाटेजवळ तूर पाखडत बसल्या होत्या. रत्नप्रभाबाईंनी चहा नको म्हटलं, तेव्हाच बिजलीबाईंच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. गाणं ऐकवलं. बकरीपाशी बिजलीबाई हसल्या. बासरीपाशी त्यांचं तोंड वाकडं झालं. मग रत्नप्रभाबाईंनी त्या माणसानं लिहिलेला अर्थ वाचून दाखवला, आणि त्यांनी सूप खाली ठेवलं.

"खेमसिंग कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

रत्नप्रभाबाईंनी सांगितलं की त्यानं त्याचा सिंह केला. खेमसिंगला जाऊन दोन वर्षं झाली होती. बिजलीबाई उठून घरात गेल्या, पाणी प्यायल्या आणि परत येऊन बसल्या.

मग सुरू झालं समजावणं. रत्नप्रभाबाईंना स्वतःलाच जे काल कळलं होतं ते आज दुसऱ्याला सांगायचं होतं, आणि त्यांचं डोकं पुन्हा तापायला लागलं. तीन टोकनं आहेत म्हणाल्या. बिजलीबाईंनी विचारलं की तीन काहून, एकच काहून नाही. ते माहीत नाही म्हणाल्या. एक विकायचं, एक डॉलरचं, एक कुलपातलं. बिजलीबाईंनी विचारलं की मग नऊ हजार कोणत्यात आहेत. आत्ता विकायच्यात आहेत, पण आधी कुलपातल्यात होते, आणि आपण ते काढायला नको होते. मग कायले काढले? तुमच्यासाठी काढले. मी मांगतले होते का? नाही. रत्नप्रभाबाईंनी पुठ्ठा उलटा करून पेनानं चौकोन काढले, बाण काढले. सुखीबाईनं खाटेवरून विचारलं की जीप आली काय. दोघींनी तिकडं पाहिलं नाही.

"मले एक सांगा," बिजलीबाई शेवटी म्हणाल्या. "तिथं आयकतेत कोनाचं?"

"ज्यानं जास्त कुलपात ठेवलं त्याचं."

"आन् जो काढून राह्यला त्याचं?"

"त्याचं नाही."

"हे तं समजते," बिजलीबाई म्हणाल्या. "जो तांडा सोडून चालला त्याले पंचायतीत कोन इचारते? इतकं सांग्याले तुमाले सकाळ लागली."

रत्नप्रभाबाईंनी कपाळाला हात लावला. एकतीस वर्षांत त्यांना इतकं कोणी लाजवलं नव्हतं. साकेतला तीन फोन, पुठ्ठ्याचा तक्ता, चार वर्ग, लाल पेन, आणि ही बाई एका वाक्यात आत शिरली. मग त्यांनी मुख्य गोष्ट विचारली. तुमचे नऊ हजार कुलपात घातले तर आपलं मत थोडं वजनदार होईल. थोडंच. तो माणूस हरेल असं नाही. आणि रामनवमीला पैसे मिळणार नाहीत, आषाढापर्यंत मिळणार नाहीत. नाही म्हणालात तर मी रविवारी रोख आणून देते.

बिजलीबाईंनी सुखीबाईकडं पाहिलं. मग गोरबोलीत तिच्या कानाशी वाकून बराच वेळ बोलल्या. रत्नप्रभाबाईंना त्यातलं एकच कळलं, खेमसिंग. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. ती दोन शब्द बोलली.

"घाला म्हनते," बिजलीबाई म्हणाल्या.

तांड्यात रेंज सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर तेवढी येते. दोघी तिथं जाऊन बसल्या. रत्नप्रभाबाईंनी वाटा कुलपात घातला. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि गेलं. मग विरोधी मताचं बटण दाबलं. दोनशे चौदाचा आकडा पाण्यातल्यासारखा हलला आणि दोनशे अकरा झाला.

त्या बघतच राहिल्या. दोन वर्षं, चाळीस गाणी, दोघींची मिळून अठरा हजारांची पुंजी, पोहरादेवीची जीप, आणि त्या सगळ्याचं मोल तीन डॉलर. कमेंट ऐंशीच्या पुढून एकतिसावर आली होती. दुपारपर्यंत दोघांनी ती वाचली. त्यातल्या एकानं लिहिलं की पुरावा मजबूत आहे, आणि स्वतःचं मत टाकलं. त्याचीही पॉवर आपल्यासारखीच, चिमूटभर. आकडा दोनशे सातवर आला आणि थांबला. संध्याकाळी देशीमूळनं उत्तर दिलं. लोककला सर्वांची असते, तिला मालक नसतो, काही लोक संकुचित असतात. त्याला चारशे जणांनी मान डोलावली.

शुक्रवारी रत्नप्रभाबाईंनी ज्यांची पॉवर मोठी अशा एकोणीस जणांना स्वतंत्र पत्रं लिहिली. प्रत्येकाला नक्कल जोडली. तिघांनी उत्तर दिलं. एक म्हणाला की मी वादात पडत नाही. दुसरा म्हणाला की मी माझं मत भाड्यानं दिलंय, माझ्या हातात नाही. मतही भाड्यानं जातं हे त्यांना तेव्हा कळलं, आणि पुठ्ठ्यावर लिहायला जागा उरली नव्हती. तिसऱ्यानं नुसता हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

शनिवारी दुपारी दोनला बिजलीबाई आल्या, ऊन डोक्यावर घेऊन. येऊन पाहीन असं त्या म्हणाल्या होत्या आणि आल्या. दोघी पंख्याखाली बसल्या. फोन मधल्या पाटावर. तीन पस्तीस झाले. दोनशे सहा. तीन चाळीस. आकड्याचा रंग बदलला आणि त्यापुढं पक्कं झाल्याची खूण आली. खेमसिंगच्या जागी सिंह कायमचा बसला.

"झालं?" बिजलीबाईंनी विचारलं.

"झालं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा बांध फुटला. त्या बोलत सुटल्या. त्या माणसाला, त्या चारशे जणांना, साकेतच्या मीटिंगांना, तीन टोकनं काढणाऱ्या डोक्याला, सगळ्यांना त्यांनी शेलक्या शब्दांत धुतलं. शेवटी स्वतःवर आल्या. मी हात लावला नसता तर आज आपण शंभरावर तरी आणलं असतं त्याला, म्हणाल्या. सगळे कागद मी जपले, आणि हाच एक काढला.

सगळं बोलून झाल्यावर बिजलीबाईंनी फोनकडं बोट केलं. "ते लाल टिपका लावा. मले गायाचं हाय."

रत्नप्रभाबाईंना कळेना. आत्ता? पण त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. बिजलीबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला, ढावलो गाताना घेतात तसा, आणि सुरू केलं. चाल तीच. याडीला, म्हणजे आईला, गाऱ्हाणं झालं. बापाला झालं. खेमसिंगला झालं, तीनदा त्याचं नाव घेऊन, आणि तिसऱ्या वेळी त्याच्या बापाचं आणि तांड्याचंही, म्हणजे कोणाला सिंह करायला जागाच राहू नये. सुखीबाईचं नाव आलं, तिच्या न आलेल्या जीपचं आलं. आणि मग एक ओळ आली, तिच्यात रत्नप्रभाबाईंना आपलं नाव ऐकू आलं. ढावलोत नाव येतं ते घरच्याच माणसाचं. परक्याचं कोणी घेत नाही.

गाणं संपलं. बिजलीबाईंनी पदर मागं केला. डोळे खरोखरच भरले होते. रत्नप्रभाबाईंनी सवयीनं वही ओढली, पेन काढलं, ओळ न् ओळ विचारून घेतली. त्या ओळीपाशी आल्या आणि थांबल्या.

"हिचा अर्थ?"

बिजलीबाईंनी अर्थ सांगितला, नजर न चुकवता. रत्नाबाई, साऱ्या मुलखाचे कागद जपलेस गं, माझी तेवढी जीभ तेरा हप्त्यांत उपसून टाकलीस.

रत्नप्रभाबाईंचं पेन कागदावर टेकून राहिलं. अर्थ थोडा सौम्य करता आला असता. रत्नाबाईच्या जागी बाई एवढंच लिहिलं असतं तरी ओळ बसली असती. जगातल्या कोणाला कळणार होतं.

"लिवा," बिजलीबाई म्हणाल्या. "तुमचं नाव हाय ते. बदलू नोका."

रत्नप्रभाबाईंनी ओळ होती तशी लिहिली, नाव घालून. खाली गाणार आणि शिकवणार लिहिलं, तारीख टाकली. मग त्या चहा ठेवायला उठल्या.